चरबी उतरवायची आहे : पळू की वजनं उचलू?

उपवनकाठी

नमस्कार मंडळी,

वय ३९, उंची १७२ सेमी, वजन ८४. पँट ३६ ची घालतो पण बेंबीवर टेप लावून मोजलं तर ३९ इंच भरतात, म्हणजे पोट पट्ट्याच्या वरून बाहेर आलंय हे उघड आहे. आयटीत आहे, ठाण्यात राहतो, निम्मा आठवडा ऑफिस आणि निम्मा घरून. कंपनीच्या हेल्थ चेकअपमध्ये फॅटी लिव्हर ग्रेड १ (यकृतात थोडी चरबी) आणि ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) वाढलेले निघाले. डॉक्टर म्हणाले आत्ता गोळी नको, पोट कमी करा. कसं ते विचारेपर्यंत पुढचा पेशंट आत आला होता.

आता गोची अशी झालीय की बिल्डिंगमधला एक मित्र दर रविवारी येऊरला पळायला जातो, जानेवारीत मुंबई मॅरेथॉनला हाफ (२१ किमी) करतो आणि अंगावर किलोभर पण जादा मांस नाही, तो म्हणतो डोकं चालवू नकोस, बूट घाल आणि पळ. आणि सोसायटीच्या खालच्या जिममधला ट्रेनर म्हणतो की सर रनिंगने मसल जळतो, फॅट तसाच राहतो, तुम्ही वजनं उचला, एकदा मसल वाढला की झोपेत पण कॅलऱ्या जळतात. तो वर्षाचं पॅकेज गळ्यात मारायच्या मागे आहे त्यामुळे त्याचं किती ऐकायचं तेही कळत नाही.

माझ्याकडे सकाळचा साधारण तासभर आहे, आठवड्यातून चार दिवस, जास्त नाही. शाकाहारी आहे (अंडी घराबाहेर चालतात, घरात आई आहे). सिक्सपॅक वगैरे नकोय, चरबी उतरवायची आहे आणि पुढच्या चेकअपला रिपोर्ट नीट यायला हवा. दोन्हीपैकी एकच निवडायचं तर काय?

यवतेश्वरचा_चढ

पळ भावा. एवढा विचार करतोयस तेवढ्यात दोन किलोमीटर झाले असते.

साधा हिशोब सांगतो. पळताना माणूस किलोमीटरला, अंगाच्या दर किलो वजनामागे, साधारण एक कॅलरी जाळतो. तू ८४ किलोचा, म्हणजे ५ किमी पळालास की चारशेच्या वर गेल्या. चार दिवस केलंस तर आठवड्याला सोळा-सतराशे. एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलऱ्या असतात, म्हणजे खाणं आहे तेवढंच ठेवलंस तर कागदावर महिन्याला जवळजवळ किलोभर चरबी. आणि गंमत म्हणजे हळू पळालास तरी आकडा फारसा बदलत नाही, अंतर महत्त्वाचं, त्यामुळे स्पीडच्या मागे लागू नकोस. जिममध्ये तासभर गेलास तर त्यातला अर्धा वेळ पुढचा सेट कधी मारायचा म्हणून मोबाईल बघत बसण्यात जातो, तिथे फार तर अडीचशे-तीनशे होतील.

दुसरं म्हणजे पळायला पॅकेज लागत नाही. बूट मात्र बरे घे, तिथे कंजुषी नको. आमच्याकडे साताऱ्याला हिल हाफ मॅरेथॉन सुरू झाल्यापासून (२०१२ पासून) पहाटे यवतेश्वरच्या घाटात इतकी माणसं दिसायला लागली की विचारू नका, बँकवाले शिक्षक दुकानदार सगळे, त्यातले कित्येक आधी तुझ्यासारखेच पोटवाले होते. तारीख डोळ्यासमोर असली की माणूस उठतो. जिमला कसली तारीख?

लोहपुरुष_नाही

@यवतेश्वरचा_चढ, हिशोब बरोबर पण अर्धा. वजन काटा दाखवतो, चरबी नाही. नुसतं पळून आणि जेवण तोडून जे वजन उतरतं त्यात स्नायू पण जातात, आणि चाळिशीच्या आसपास आपले स्नायू आधीच हळूहळू कमी व्हायला लागलेले असतात. दोन वर्षांनी पळणं सुटतं (सुटतंच, गुडघा नाहीतर नोकरी काहीतरी आडवं येतं), वजन परत येतं, पण परत येताना चरबी जास्त आणि स्नायू कमी. मग तोच ८४ चा काटा आणि कंबर ४१.

ट्रेनरचं बोलणं अगदीच टाकाऊ नाहीये.

आकडेमोड

दोघांचं थोडं थोडं बरोबर आहे आणि ट्रेनरचं एक वाक्य साफ चूक आहे, त्याकडे येतोच, आधी त्याचं झोपेचं बघू.

'झोपेत कॅलऱ्या जळतात' हे खरं आहे पण किती ते कुणी सांगत नाही. एक किलो स्नायू आराम करताना दिवसाला साधारण १३ कॅलऱ्या वापरतो, एक किलो चरबी साडेचार. म्हणजे जिममध्ये घाम गाळून वर्षभरात तुम्ही २ किलो स्नायू कमावले (साध्या माणसाला, त्यातून खाणं कमी करताना, हे सोपं नाही) तरी दिवसाला २६ कॅलऱ्या. पारले-जीचं एक बिस्किट. व्यायामानंतर शरीर तापलेलं राहतं आणि तासन् तास जाळत बसतं असंही सांगतात, तेही असतं पण व्यायामात जे जळलं त्याच्या थोड्याच टक्क्यांत. तेव्हा या कारणासाठी वजनं उचलणार असाल तर नका उचलू. कारणं दुसरी आहेत.

आता थेट तुमचा प्रश्न. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात नेमकं हेच तपासलं गेलंय, २०१२ मध्ये निष्कर्ष छापून आले. जाड किंवा लठ्ठ, व्यायाम न करणारी माणसं घेतली, तीन गट केले आणि आठ महिने ठेवली. एक गट फक्त एरोबिक, आठवड्याला साधारण १९ किमी पळण्या-चालण्याइतकं काम. दुसरा फक्त वजनं, आठवड्यातून तीन दिवस. तिसरा दोन्ही. खाणं कुणाचंच मुद्दाम कमी केलं नव्हतं. एरोबिकवाल्यांची चरबी सरासरी दीड किलोच्या थोडी वर उतरली. वजनंवाल्यांची जवळजवळ होती तेवढीच राहिली, स्नायू वाढल्यामुळे उलट काट्यावर थोडं वजन वाढलं. दोन्ही करणाऱ्यांची चरबी एरोबिकवाल्यांपेक्षा किंचित जास्त उतरली, पण फरक ठाम म्हणावा असा नव्हता आणि वेळ मात्र दुप्पट गेला. त्याच प्रयोगात यकृतातली आणि पोटातली आतली चरबी पाहिली तर तिथेही एरोबिकच पुढे होतं. (नंतर बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले त्यात वजनांनीसुद्धा फॅटी लिव्हरला फायदा दिसलाय, तेव्हा ते शून्य समजू नका.)

म्हणजे 'रनिंगने फॅट तसाच राहतो' हे नाही टिकत. पण परत ते आकडे बघा की, आठ महिने घाम गाळून दीड-पावणेदोन किलो! यवतेश्वरवाल्यांच्या कागदी हिशोबाने सात-आठ किलो उतरायला हवी होती. गेली कुठे बाकीची? काही खाण्यात, भूक लागतेच. आणि काही शरीर दुसरीकडे वाचवतं. हर्मन पाँट्झर नावाचा संशोधक टांझानियातल्या हाड्झा लोकांकडे गेला, शिकार करून कंदमुळं खणून जगणारी माणसं, दिवसभर पायाला भिंगरी. त्यांचा दिवसाचा एकूण खर्च मोजला आणि शरीराच्या आकाराचा हिशोब धरल्यावर तो बैठं काम करणाऱ्या पाश्चात्त्य माणसाइतकाच निघाला (२०१२ चं काम). व्यायाम वाढवला की शरीर इतर खर्चात काटछाट करतं असं त्याचं म्हणणं. या म्हणण्यावर वाद आहेत, आणि व्यायाम फुकट जातो असा त्याचा अर्थ तर मुळीच नाही, पण घड्याळाने '४२० कॅलरी' दाखवली म्हणून येताना मिसळ खायचा परवाना मिळत नाही हे मात्र खरं.

माझं मत, पळणं आणि वजनं हा वाद दुसऱ्या नंबरचा आहे. पहिल्या नंबरला तुमच्या घरात महिन्याला तेल किती लिटर लागतं ते. एक लिटर तेल म्हणजे आठ हजारांच्या वर कॅलऱ्या. चार माणसांत चार लिटर लागत असेल तर तुमच्या वाट्याला रोजच्या पावणेतीनशे नुसत्या तेलातून, पोळीवरचं तूप आणि चहाबरोबरचा चिवडा वेगळा.

यवतेश्वरचा_चढ

ड्यूकवाल्यांना म्हणावं ट्रेडमिलवर नको, एकदा आमच्या घाटात या :D

पण तेलाचा मुद्दा मान्य.

गंगावेस

आमच्या कोल्हापुरात हा प्रश्नच कुणाला पडायचा नाही. तालमीत पोरगं गेलं की पहाटे पळणं पण आलं, जोर-बैठका पण आल्या, मातीत लढती पण आल्या. पळायचं की जोर मारायचे असं वस्तादाला विचारलं असतं तर दोन्ही डबल करून घेतलं असतं.

एक गोष्ट मात्र तालमीच्या आसपास वाढलेल्या प्रत्येकाने बघितलेली असते. मेहनत चालू असते तोवर पैलवानाला दूध तूप बदाम मटण सगळं पचतं. लग्न झालं, धंदा सुरू झाला, तालीम सुटली, पण खुराक काही सुटत नाही. तीन-चार वर्षांत ओळखू येत नाही असा माणूस होतो. स्नायू काय कमी होते का त्याच्याकडे? तेव्हा झोपेत जळतात म्हणणाऱ्या ट्रेनरला एखादा रिटायर पैलवान दाखवा.

आणि पॅकेज कशाला पायजे, घरच्या घरी बैठका आणि जोर. सुरुवातीला जोर जमणार नाहीत, ओट्याला हात टेकून मारा. बैठका दहाच्या वर गेल्या की दुसऱ्या दिवशी लोकलचा जिना चढताना कळेल मी काय म्हणतोय ते.

शेवंती_नाशिक

मी बाईमाणसाच्या बाजूने लिहिते कारण असे धागे सगळे पुरुषच चालवतात.

वय ४७. मी आधी पळायला सुरुवात केली, चालत-पळत-चालत अशी, गोल्फ क्लब ग्राउंडवर. पहिल्या काही महिन्यांत वजन छान उतरलं, मग ते अडकलं ते अडकलंच, अंतर वाढवलं तरी ढिम्म हलेना, आणि भूक मात्र अशी लागायची की पळून आल्यावर समोर येईल ते खाऊ. त्याच सुमाराला पाळीचं चक्र बिघडायला लागलं होतं, झोप नीट नाही, ते सगळं एकत्र आलं. गायनॅकनेच सांगितलं की आता हाडांसाठी तरी वजनं उचला, मेनोपॉजनंतर हाडं भराभर विरळ होतात. म्हणून जिमला गेले, चरबीसाठी नाही.

झालं काय की काट्यावर वजन जवळपास तेच राहिलं पण ब्लाउज सैल झाले. शिंप्याकडे आत घेऊन आणले. नणंद म्हणते किती बारीक झालीस आणि काटा म्हणतो काहीच नाही. त्यामुळे लोहपुरुष यांचा काट्याबद्दलचा मुद्दा मला पटतो, पण पळणं मी सोडलं नाही, कमी केलं. पळून आल्यावर डोकं जे शांत होतं ते डंबेल उचलून होत नाही, निदान माझं तरी नाही.

आणि बायकांनो, वजनं उचलून दंड पुरुषासारखे होत नाहीत हो. तेवढे व्हायला लागणारं टेस्टोस्टेरॉन आपल्यात नसतंच.

आकडेमोड

शेवंतीताईंच्या अनुभवावरून आठवलं, उपवनकाठी तुमच्यासाठी हे जास्त महत्त्वाचं असू शकेल. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं नाव ऐकलं असेल, मधुमेहावर काम करणारे. २००४ मध्ये त्यांचा आणि लंडनच्या जॉन युडकिन यांचा दोघांचा मिळून एक फोटो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) सारखाच, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन ९.१ टक्के आणि याज्ञिक २१.२ टक्के! सोबत त्यांनी मिश्कीलपणे असंही लिहिलंय की एकजण मॅरेथॉन पळतो आणि दुसऱ्याचा व्यायाम म्हणजे रोज सकाळी हॉस्पिटलच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत धावत गाठणं. व्यायामाचा वाटा आहेच, पण जन्माच्या वेळचं कमी वजन वगैरे कारणंही त्यात असू शकतात हा त्यांच्या कामाचा मुख्य धागा.

सांगायचा मुद्दा, आपल्याकडे हातपाय काडीसारखे आणि पोट पुढे ही घडण कॉमन आहे. म्हणून आपल्यासाठी कंबरेची रेषा पण कमी आकड्यावर ओढलीय, पुरुषांना ९० सेमी, बायकांना ८०. तुमचे ३९ इंच म्हणजे ९९ सेमी. अशा घडणीत नुसतं वजन उतरवून भागत नाही, आधीच कमी असलेला स्नायू गमावणं परवडत नाही, स्नायू हीच साखर वापरणारी मोठी जागा आहे. झोपेतल्या कॅलऱ्या सोडा, वजनं उचलायचं खरं कारण हे.

वरणभातवाला

आणि प्रोटीनचं काय? शाकाहारी माणसाला वजनं उचला सांगायचं आणि संध्याकाळी वरणभात. वाटीभर पातळ वरणात डाळ असते किती, २५ ग्रॅम धरा, त्यात पाच-सहा ग्रॅम प्रोटीन. आयसीएमआरचा (सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेचा) आकडा रोज ०.८३ ग्रॅम दर किलोला आहे, तो साध्या धडधाकट माणसाचा. चरबी उतरवताना स्नायू टिकवायचे तर १.२ ते १.६ पर्यंत जावं लागतं, म्हणजे ८४ किलोला १०० ते १३५ च्या दरम्यान. सोयाचे तुकडे ५० ग्रॅम (कोरडे) म्हणजे २६ ग्रॅम झाले, १०० ग्रॅम पनीरचे १८, अंड्याचे सहा. मटकी-हुलग्याची उसळ वाटीभर जास्त आणि भात निम्मा. दह्याचा चक्का करून खा, साखर न घालता, श्रीखंड नव्हे :)

आईला सोयाचा वास आवडत नाही म्हणाल तर खिम्यासारखं बारीक करून पोह्यात टाका, कळत नाही.

उपवनकाठी

बापरे, एवढं सगळं. सगळ्यांचे आभार.

तेल बघितलं, आईला विचारलं तर म्हणाली पाच लिटरचा डबा महिन्याला संपतो आणि आम्ही तिघं. पुढे काही बोललो नाही.

दोन प्रश्न राहिले. ८४ किलोवर पळालो तर गुडघे जातील असं घरचे म्हणतायत. आणि चार दिवसांत दोन-दोन असं वाटून घेतलं तर ट्रेनर म्हणतो एकमेकांना मारक ठरतात, ते खरं का?

पायदुखी_विभाग

फिजिओ आहे, पहिल्याचं उत्तर देते.

हौशी पळणाऱ्यांचे गुडघे झिजतात हा समज आकड्यांनी सिद्ध होत नाही. २०१७ मध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला होता त्यात गुडघा-खुब्याची झीज हौशी धावकांमध्ये साडेतीन टक्के, न पळणाऱ्या बैठ्या लोकांमध्ये दहा टक्क्यांच्या वर, आणि स्पर्धात्मक पातळीवर पळणाऱ्यांमध्ये तेराच्या वर होती. म्हणजे फार पळणं आणि अजिबात न पळणं दोन्हींत जास्त. अर्थात ज्यांचे गुडघे धड तेच पळत राहतात हाही त्यात भाग असणार, तेवढं धरून चाला.

माझ्याकडे येतात ते झिजलेले गुडघे घेऊन नाही, नडगी आणि टाच घेऊन येतात. पायाची सवय नसताना मित्राबरोबर पहिल्याच रविवारी येऊरचा चढ, आणि सोमवारी टाच टेकवत नाही. श्वास महिन्याभरात सुधारतो, स्नायूबंध आणि हाडं तेवढ्या लवकर तयार होत नाहीत, म्हणून दम आहे पण पाय नाही अशी वेळ येते. तुम्ही सुरुवातीला उपवन तलावाला फेऱ्या मारा, सपाट आहे. चार मिनिटं चाला, एक मिनिट पळा, बोलता येईल इतकंच हळू. दर आठवड्याला पळण्याची मिनिटं थोडी वाढवा. दुखणं पळता पळता वाढत गेलं किंवा दुसऱ्या दिवशी लंगडायला लागलात तर थांबा. आणि पावसाळ्यात खड्ड्यांच्या रस्त्यावर अंधारात पळू नका, त्या दिवसात बैठका बऱ्या.

पाय मजबूत करणारे व्यायाम (बैठका, टाचा उचलणं, एका पायावर उभं राहणं) केले तर पळताना आधार मिळतो, त्यामुळे दोन-दोन दिवसांची वाटणी मला तरी उत्तम वाटते.

लोहपुरुष_नाही

दुसऱ्याचं मी सांगतो. मारक ठरतात हे अर्धवट ऐकलेलं आहे. १९८० मध्ये रॉबर्ट हिक्सनने दाखवलं होतं की ताकदीचा आणि दमाचा जबर व्यायाम एकत्र केला तर काही आठवड्यांनी ताकद वाढायची थांबते आणि मग उतरायला लागते. पण त्याची माणसं आठवड्यातून पाच दिवस वजनं आणि सहा दिवस दमाचं काम, तेही जीव तोडून, असं करत होती. तुम्ही दोन दिवस उपवनला फेऱ्या मारणार. कुणाला काही मारक होत नाही.

वजनांचे दोन दिवस: बैठक किंवा लेग प्रेस, जमिनीवरून वजन उचलणं, छातीचा एक प्रकार, पाठीचा एक प्रकार, संपलं. आठ ते बारा वेळा, शेवटची दोन जड जायला हवीत, दर काही दिवसांनी वजन थोडं वाढवायचं. पोटाच्या क्रंचेसमध्ये वेळ घालवू नका, पोटाचा व्यायाम करून पोटाचीच चरबी जात नाही. पॅकेज वर्षाचं घेऊ नका, तीन महिन्यांचं मागा, देतो.

उपवनकाठी

तीन महिन्यांचं नाही म्हणतोय, सहा म्हणतोय.

गंगावेस

म्हणू दे. ओटा आहे की घरात.

यवतेश्वरचा_चढ

आणि जानेवारीचं काय, मुंबईला १० किमी पण असते, हाफच पळायला हवी असं नाही. रजिस्ट्रेशन लवकर भरतं, मित्राला सांगून ठेव.

शेवंती_नाशिक

आधी लिव्हरचा रिपोर्ट येऊ द्या हो त्यांचा, लगेच काय नंबर छातीला लावताय. @उपवनकाठी, सुरुवातीच्या वजनाच्या पाच टक्के जरी उतरलं तरी यकृतातली चरबी कमी व्हायला लागते असं माझ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, म्हणजे तुमचे चारएक किलो. आणि काट्यापेक्षा टेप वापरा, दर रविवारी सकाळी, उपाशीपोटी, पोट आत न ओढता. सोडलेल्या पोटाचंच माप लिहा, माझ्या नवऱ्याने महिनाभर श्वास रोखून मोजलंय.